बैठकीतला खड्डा आधी बुजवा

पत्र : काका, नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. घर सासऱ्यांनी १९५८ साली बांधलेलं. खाली तीन खोल्या, त्यातली बैठक १२ बाय १५ फुटांची, वर दोन. भिंती विटांच्या, चांगल्या जाड, पाया दगडी. एका बाजूची भिंत आमची आणि शेजाऱ्यांची एकच आहे. मुलगा तबला शिकवतो. सकाळ-संध्याकाळ ऑनलाइन क्लास असतात आणि आवाजावरून शेजारी कुरकुर करतात. म्हणून बैठकीखाली तळघर काढायचं त्याने मनावर घेतलं आहे. ओळखीचे ठेकेदार म्हणतात, ‘वहिनी, काळजी नको, जॅक लावून करून देतो. महिन्याभरात खोली तयार, पाऊस लागायच्या आत.’ जमीन बघायची म्हणून त्यांनी बैठकीच्या कोपऱ्यात ४ बाय ४ फुटांचा, ६ फूट खोल खड्डा खणून ठेवला आहे. पायाचे दगड दिसतात आणि एका ठिकाणी त्यांच्या खाली हात जातो. परवापासून वरच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी चीर दिसते आहे. मुलगा म्हणतो, जुनीच असेल. परसात पूर्वी विहीर होती, ती मी लग्न होऊन येण्याआधीच बुजवली. नेमकी कुठे, ते आता कोणालाच सांगता येत नाही. काम करावं का? आणि घरच्यासारख्या माणसाला नाही कसं म्हणायचं? इसाराही दिलेला आहे.

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तळघराचं नंतर बोलू. आधी तो खड्डा.

पायाच्या दगडाखाली हात जातो याचा अर्थ भिंतीचा तेवढा भाग आत्ता अधांतरी आहे. १४ इंची विटांची भिंत, दोन मजल्यांची उंची आणि तिच्यावर टेकलेल्या दोन छतांचा वाटा धरला, तर भिंतीच्या एका मीटर लांबीवर साधारण ७ टन भार येतो. आजूबाजूच्या विटा कमान धरून तो इकडेतिकडे वळवत असतात, म्हणून लगेच काही होत नाही. पण मातीच्या जुन्या चिणाईची कमान किती दिवस धरेल, ते मी सांगू शकत नाही आणि तुमचे ठेकेदारही सांगू शकत नाहीत.

तेव्हा आजच्या आज एवढं करा. खड्ड्यावर जाड फळ्या टाका आणि त्या खोलीत कोणी बसायचं-झोपायचं नाही असं ठरवा. क्लास दुसऱ्या खोलीत घ्या. त्या कोपऱ्याच्या वर गच्चीवर पाण्याची टाकी असेल तर ती रिकामी करा. हजार लिटरच्या टाकीत एक टन पाणी असतं. वरच्या खोलीतलं पुस्तकांचं किंवा कपड्यांचं जड कपाट त्या भिंतीपासून हलवा. आणि एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला फोन लावा. आर्किटेक्टला नव्हे, नक्शा पास करून देणाऱ्यालाही नव्हे. भाराचा हिशेब करणारा माणूस पाहिजे. ओळखीत कोणी नसेल तर एस.जी.एस.आय.टी.एस.च्या सिव्हिल विभागात जाऊन विचारा. १९५२ पासूनचं कॉलेज आहे. शहरातले निम्मे इंजिनिअर तिथूनच निघालेले असतात, कोणीतरी चांगलं नाव देईलच.

चीर जुनी की नवी, हे बघायला मुलाचं मत नको, टॉर्च पुरे. जुन्या चिरेच्या आत धूळ असते, कधी जाळं असतं, आधीच्या रंगाचा थर आत उतरलेला असतो आणि कडा बोथट झालेल्या असतात. नवी चीर आतून स्वच्छ असते. प्लास्टरचा कोरा रंग दिसतो, कडा बोटाला टोचतात. मग तिच्यावर काचपट्टी लावा. फोटो फ्रेमच्या काचेची बोटभर रुंद, चार इंच लांब पट्टी चिरेवर आडवी धरायची आणि दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची. पट्टी प्लास्टरवर नाही, प्लास्टर खरवडून उघड्या विटेवर, आणि शेजारी पेन्सिलीने तारीख. काच तशीच राहिली तर भिंत थांबलेली आहे. तडकली, तर घराचा तो भाग वरखाली दोन्हीकडून रिकामा करायचा, इंजिनिअरची वाट बघत बसायचं नाही.

खड्डा बुजवायला निघालेलीच माती परत टाकू नका. ठेकेदार तेच करेल, कारण ती तिथेच पडलेली आहे. खणलेली काळी माती कितीही चोपली तरी पूर्वीसारखी बसत नाही, आणि पहिल्या पावसाची ओल लागली की फुगते. पायाच्या तळाखालचा भाग काँक्रीटने भरायचा, पण थेट दगडाला भिडवून नाही. काँक्रीट वाळताना किंचित आक्रसतं आणि दगड पुन्हा अधांतरी राहतो. म्हणून वर तीन इंच जागा सोडायची आणि दुसऱ्या दिवशी त्या फटीत कोरडट सिमेंट-वाळूचा माल लाकडी ठोकळ्याने ठासून भरायचा. माल इतकाच ओला, की मुठीत दाबला तर गोळा होईल पण हाताला पाणी लागणार नाही. त्याच्या वर मुरूम, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी शिंपडून धुम्मसाने ठोकलेला. मजूर आत उतरण्याआधी खड्ड्याच्या बाजूंना फळ्या आणि मधे आडवे टेकू लागले पाहिजेत. सहा फुटांच्या खड्ड्यात माणूस डोक्यासकट बुडतो, हे उभं राहून बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आता इंदूरच्या जमिनीबद्दल. तुम्ही माळव्यात राहता, तुम्हाला काळी माती मी काय सांगणार! पण शेतातली काळी माती आणि घराखालची काळी माती यांच्याकडे आपण वेगवेगळ्या नजरेने बघतो, आणि घोळ तिथेच होतो. ही माती आपल्याकडच्या काळ्या खडकाची झीज होऊन बनलेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. वैशाखात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, तीच हालचाल तुमच्या फरशीखाली दरवर्षी थोडी थोडी चालू असते. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी जे पाइल पाये (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) सुचवले, ते साधारण साडेतीन मीटर खाली नेतात, कारण त्याखाली ओल-सुकीचा खेळ फारसा पोचत नाही. तुमच्या सासऱ्यांच्या वेळचे मिस्त्री हे आपल्या पद्धतीने जाणून होते. काळी माती खणून टाकायची आणि पिवळा मुरूम लागला की त्यावर दगड बसवायचे. तेव्हा खड्डा बुजवण्याआधी इंजिनिअरला एक गोष्ट दाखवून ठेवा : पायाच्या तळाशी मुरूम आहे की काळी मातीच. त्या खड्ड्याचा झालाच तर एवढा उपयोग.

या मातीची आणखी एक खोड आहे आणि ती जीवघेणी आहे. कोरडी असताना ती कापली तर भिंतीसारखी सरळ उभी राहते. मजूर म्हणतो, ‘काही होत नाही साहेब, पक्की आहे.’ पण तिच्या आत जुन्या भेगांचे गुळगुळीत पापुद्रे असतात. नखाने खरवडून बघा, तेल लावल्यासारखे चकाकतात. त्या पापुद्र्यावरून अख्खी ढेप सुटते, आणि सुटण्याआधी आवाजही करत नाही. एक घनमीटर माती सतरा-अठरा क्विंटलच्या, म्हणजे पावणेदोन टनांच्या आसपास भरते. छातीपर्यंत दबलेल्या माणसाला डोकं बाहेर असूनही श्वास घेता येत नाही. खोदकामाच्या सुरक्षेचं आपलं मानक, आय.एस. ३७६४, दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार लावायला सांगतं आणि काढलेली माती काठापासून किमान दीड मीटर लांब टाकायला सांगतं. तुमच्या बैठकीत ती बहुधा सोफ्याशेजारीच ढीग करून ठेवलेली असेल.

आता तुमचा मूळ प्रश्न : बैठकीखाली तळघर काढावं का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण मुलाला कारण सांगितल्याशिवाय पटणार नाही, म्हणून हिशेब मांडतो.

राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे तळघराची उंची फरशीपासून छतापर्यंत किमान २.४ मीटर लागते. तबल्यासाठी बसूनच वाजवायचं म्हणून कमी करू म्हणाल, तर हवा कोंडेल. वर बैठकीची नवी स्लॅब आणि तिच्या बीमा यांचे ४० सेंटिमीटर धरा. खाली तळाचं काँक्रीट, त्याखालचा कच्चा थर, मिळून आणखी ४०. झाले ३.२ मीटर, म्हणजे आजच्या फरशीपासून साडेदहा फूट. तुमच्या ६ फुटी खड्ड्यात पायाचा तळ दिसतो, म्हणजे तो साडेपाच फुटांच्या आसपास असणार. राहिलं काय? पायाच्या खाली आणखी ५ फूट. ज्या मातीवर घर गेली साठ-सत्तर वर्षं उभं आहे, ती माती चारही बाजूंनी काढून घ्यायची आहे.

इथे लोक म्हणतात, ‘पायाच्या खालची नाही काढत हो, आतली काढतो.’ हा भ्रम मोठमोठ्या लोकांना होतो. पाया नुसता खालच्या मातीवर उभा नसतो, दोन्ही बाजूंच्या मातीने धरलेला असतो. बाजूच्या मातीचं ओझं खालच्या मातीला बाजूला सरकू देत नाही. आतली माती पायाच्या तळापर्यंत काढली, की त्याखालच्या मातीला आत सरकायला वाट मिळते. म्हणजे तळाला हात न लावताही पाया कमजोर होतो. सामान्य नियम असा, की पायाच्या तळाच्या कडेपासून ४५ अंशात खाली उतरती रेघ काढा. खोदाई त्या रेघेच्या वरच राहिली पाहिजे. आपल्या काळ्या मातीत मी तेवढ्यावरही विसंबत नाही. एक फूट खाली जायचं तर दोन फूट लांब राहायचं. हा नियम लावून तुमच्या १२ बाय १५ च्या बैठकीत चारही भिंतींपासून मोजत या. साडेदहा फूट खोल जायचं तर प्रत्येक बाजूने १० फूट सोडावे लागतात. मधे खोली उरतच नाही.

आणि जॅक? गर्डरला खालून जॅक लावला तर छताचा भार घेतला जाईल. भिंतीचा स्वतःचा भार कुठे गेला? शिवाय तो जॅक उभा कशावर करणार? जी फरशी फोडायची, तिच्यावरच ना?

हे काम जगात होतच नाही असं नाही. लंडनसारख्या शहरांत जुन्या घरांखाली अशी तळघरं काढतात. पण त्याची रीत ठरलेली आहे आणि ती मुलाला नीट सांगा, कारण मग ‘महिन्याभरात’ या शब्दाची किंमत त्याची त्यालाच कळेल. भिंतीच्या लांबीचे एक-एक मीटरचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकावर खडूने नंबर टाकायचा. शेजारशेजारचे दोन तुकडे एका वेळी कधीच उघडायचे नाहीत, आणि एका वेळी भिंतीच्या चौथाईहून जास्त लांबी अधांतरी राहता कामा नये. एक तुकडा खणायचा, लगेच फळ्या-टेकू लावायचे, सळई बांधायची, काँक्रीट भरायचं. वर सोडलेली फट दुसऱ्या दिवशी ठासून भरायची, ती घट्ट होऊ द्यायची, आणि मगच पुढच्या नंबरला हात लावायचा. तुमच्या बैठकीचा घेर साडेसोळा मीटर, म्हणजे सोळा-सतरा तुकडे. एका वेळी तीन किंवा चार, प्रत्येक फेरीला आठवडा धरा. नुसता पाया खाली न्यायला महिना-दीड महिना गेला, आणि खोलीतली एक तगारी मातीही अजून निघालेली नाही.

माती म्हटली तर तोही आकडा ऐका. १२ बाय १५ बाय साडेदहा म्हणजे १८९० घनफूट, वजन ९५ टनांच्या आसपास. खणल्यावर माती फुलते, पावपट किंवा जरा जास्तच. १०० घनफुटांच्या ट्रॅक्टर ट्रॉल्या धरल्या तर २४-२५ ट्रॉल्या होतात. जेसीबी बैठकीत येणार नाही. सगळी तगारीने, बैठकीच्या दारातून, रामबागेच्या गल्लीत. शेजारी आज तबल्यावरून कुरकुर करतात, उद्या काय करतील!

हे खणणंही एका दमात नाही. जसजसं खाली जाल तसतशा समोरासमोरच्या भिंती आडव्या लोखंडी टेकूंनी एकमेकींवर रेटून धरायच्या, कारण आता त्या नुसत्या भिंती राहिल्या नाहीत, बाहेरच्या मातीचा रेटा धरणाऱ्या बांधासारख्या झाल्या. काळी माती पावसाळ्यात फुगली की हा रेटा आणखी वाढतो. तळाचं काँक्रीट आणि वरची स्लॅब दोन्ही पक्की होईपर्यंत टेकू काढायचे नाहीत. टेकू मधे येतात, घमेलं फिरवता येत नाही, म्हणून ‘जरा काढून ठेव, संध्याकाळी लावू’ असं मजूर म्हणतात. ज्या अपघातांबद्दल मी जवळून ऐकलं, त्यांतले बरेचसे त्या दुपारचे आहेत.

एक धोका मातीचा नसून हवेचा आहे. खाली पाणी साचलं की कोणीतरी डिझेलचा किंवा पेट्रोलचा पंप खाली उतरवून चालू करतो. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही. आतला माणूस गुंगी येऊन बसतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. विहिरीतल्या अपघातांच्या बातम्यांत एकाच घरातली तीन-तीन नावं असतात ती अशी. इंजिन कोणतंही असो, ते वर, मोकळ्या हवेत. खाली फक्त विजेचा सबमर्सिबल, आणि त्याच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी., म्हणजे विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच. माणूस आत बेशुद्ध दिसला तर उतरायचं नाही. आधी हवा सोडायची, १०८ आणि अग्निशमनवाल्यांना बोलवायचं. तुमच्या खड्ड्यालाही हे लागू आहे, म्हणून आत्ताच सांगितलं.

शेजाऱ्यांची भिंत. सामायिक भिंतीखालची माती काढणं म्हणजे त्यांच्या घराखालची काढणं. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ चा. त्याच्या कलम ७ मध्ये जमिनीला शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क उदाहरणासकट दिलेला आहे. घराच्या आधाराचा हक्कही वीस वर्षं निर्वेध उपभोगला की कलम १५ नुसार मिळतो, आणि तुमच्या शेजाऱ्यांचं घर वीस वर्षांहून जुनं असणारच. त्यांच्या लेखी संमतीशिवाय या भिंतीपाशी कुदळही नको. तळघरासाठी नगर निगमची परवानगी मध्य प्रदेश भूमी विकास नियम, २०१२ प्रमाणे वेगळी घ्यावी लागते, हे ठेकेदारांनी सांगितलं का? नसेल सांगितलं तर तेवढ्यावरूनही काय ते समजा.

मुलगा कदाचित म्हणेल, राजवाड्याखालून मेट्रो न्यायची आखणी चालू आहे, मग आपल्या एका खोलीने काय होतं? ती खोल बोगद्यातून जाणार. यंत्र पुढे सरकतं आणि मागोमाग काँक्रीटची कडी बसवत येतं. उघडी माती कोणी बघत बसत नाही. आपली खोली नेमकी त्या वरच्या दहा-बारा फुटांत आहे, जिथे माती सगळ्यात लहरी, जुन्या नाल्या गळक्या आणि पाये सगळ्यांचे.

आता विहीर. पत्रात तुम्ही ती शेवटी, जाता जाता लिहिली आहे. मी असतो तर पहिल्या ओळीत लिहिली असती. ३० मार्च २०२३ ची रामनवमी इंदूरमध्ये कोणी विसरलेलं नाही. पटेल नगरच्या मंदिरात हवन चालू असताना पायाखालची स्लॅब खचली, खाली जुनी बावडी होती, ३६ माणसं गेली. फरशी घातली आणि वर माणसं वावरू लागली, की खाली काय आहे ते दोन पिढ्यांत पुसलं जातं. तुमची विहीर झाकलेली नसून बुजवलेली आहे असं तुम्ही म्हणता. पण बुजवली म्हणजे काय केलं? तळापर्यंत राडारोडा टाकून भरली, की वर गर्डर-फर्शी टाकून माती पसरली? दुसरं असेल तर परसातला तो भाग आजही पोकळ आहे.

शोधायची रीत अवघड नाही. गल्लीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. पाणी कुठून शेंदत होते ते लोक विसरत नाहीत. पावसाळ्यात परसात कुठे पाणी पटकन जिरतं, कुठली फरशी दरवर्षी दबते, ते बघा. मग लोखंडी सळई दोन-दोन फुटांवर ठोकत जा. मुरमात ती थांबते, भरावात सहज उतरते. एके ठिकाणी ठोकता ठोकता एकदम हलकी जाऊन खणकन पोकळ आवाज आला, तर तिथून मागे या आणि तो भाग दोरी लावून बंद करा. सळई ठोकणाऱ्याने स्वतः फळीवर उभं राहायचं आणि कमरेला दोर बांधून तो बाहेरच्या झाडाला किंवा खांबाला अडकवायचा. तळघर करा न करा, हे मात्र करा.

मुलाच्या खोलीचं म्हणाल, तर त्याला तळघर हवं आहे की शांत खोली? मला तर शांत खोलीच हवी असं दिसतं. आणि तबल्याला तळघर मुळीच मानवत नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या मजल्यावरही पुडी सैल पडते, सुरात आणायला दर अर्ध्या तासाला हातोडी घ्यावी लागते. जमिनीखालच्या दमट खोलीत तर विचारू नका. बॉक्स वॉटरप्रूफिंग केलं, तळाला खड्डा ठेवून पंप बसवला, तो इन्व्हर्टरवर घेतला, नालीला उलटं पाणी न येऊ देणारा व्हॉल्व्ह लावला, एवढं सगळं करूनही हवेतली ओल राहतेच. वरून चालण्याचा आवाज स्लॅबमधून उतरतो, तो रेकॉर्डिंगमध्ये येतो.

त्यापेक्षा तळमजल्यावरची, सामायिक भिंतीपासून लांबची एक खोली घ्या आणि तिच्या आत दुसरी खोली उभी करा. आतल्या भिंती जुन्या भिंतींना न टेकता, चौकटीवर दोन्ही बाजूंनी दोन-दोन जिप्सम बोर्ड, पोकळीत रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी दगडी लोकर. आतली जमीन रबराच्या तुकड्यांवर तरंगती लाकडी, कारण तबल्याचा धमक जमिनीतून जातो, डग्ग्याचा तर फारच. दार भरीव लाकडाचं, चारही बाजूंना रबर पट्टी आणि खाली उतरणारी पट्टी. आवाज भिंतीतून जातो त्याहून जास्त दाराखालच्या फटीतून जातो. अर्ध्या इंचाची फट ठेवली तर वरचा सगळा खर्च पाण्यात. खिडकी दुहेरी काचेची, हवेसाठी आवाज अडवणारं वळणदार नळकांडं. शेजाऱ्यांना ऐकू येणं जवळपास थांबेल. मी ‘पूर्ण’ म्हणत नाही, पण तक्रार करण्याजोगं राहणार नाही. आणि हे काम खरंच महिन्याभरात होतं.

पुढे कधी जमिनीखालीच हवं असेल, तर परसात, घराच्या पायापासून आणि शेजाऱ्यांच्या पायापासून वर सांगितलेलं अंतर राखून, विहीर सापडल्यानंतर, मातीची चाचणी करून, आणि दिवाळीनंतर सुरू करून एप्रिलअखेर पाणी न येता बंद होईल अशा बेताने. जूनच्या तोंडावर कोणतीही खोदाई उघडी ठेवायची नाही. अशा खोलीत सिलिंडर कधीच नेऊ नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साचून राहतो आणि खिडकीतून बाहेर जात नाही.

राहिले ठेकेदार. माणूस वाईट असेल असं मला वाटत नाही. त्याने आयुष्यभर वर बांधलं, खाली बांधणं त्याला त्याचंच उलटं वाटत असेल. नाही म्हणायला भांडायची गरज नाही. त्याला चहाला बोलवा आणि एवढंच म्हणा : पाया खाली नेण्याचा क्रम दाखवणारं, इंजिनिअरच्या सहीचं ड्रॉइंग आणा, मजुरांचा विमा उतरवल्याचा कागद आणा, शेजाऱ्यांच्या घराला काही झालं तर जबाबदारी तुमची, असं स्टँपवर लिहून द्या. तिन्ही आणले तर मला पुन्हा लिहा, मी माझं मत तपासून बघेन. माझा अंदाज, तो पहिल्याच कागदाला ‘त्याची काय गरज वहिनी’ म्हणेल. तिथे तुमचं ‘नाही’ तुम्हाला म्हणावंच लागणार नाही.

इसारा परत मागून नातं तोडू नका. त्या पैशांतून खड्डा नीट बुजवण्याचं काम वळतं करून घ्या आणि उरलेत ते आतल्या खोलीच्या कामात धरा. फक्त काँक्रीट भरताना आणि ती तीन इंची फट ठासताना इंजिनिअर खड्ड्याच्या काठाशी उभा पाहिजे. तो आल्याशिवाय सिमेंटची गोणी फोडू देऊ नका.